आणलं तेव्हाच मृत

मेश्राम सिस्टरांनी माझ्या दुकानात नेमकी किती माणसं मारली, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पण दर शनिवारी दुपारी तीन ते पाच, असं सात-आठ वर्षं चाललं होतं. म्हणजे एखादं बऱ्यापैकी गाव वेशीपर्यंत साफ झालं असणार. बहुतेकांना त्यांनी कुऱ्हाडीनं मारलं. बंदूक त्यांना आवडायची नाही. "बंदुकीला मेहनत नाही, भाऊ," त्या म्हणायच्या. "हात दुखला पाहिजे. म्हणजे आपण काय केलं ते कळते."

आपण पोलीस चौकीकडे निघाला असाल तर थांबा. माझं दुकान व्हिडिओ गेमचं आहे. कसबा पेठेत, तांबटांच्या आळीला लागून. बाहेर दिवसभर तांब्यावर हातोडे पडतात, आत दिवसभर माणसांच्या टाळक्यांवर. या दोन आवाजांच्या मधे मी गल्ल्यावर बसतो आणि पन्नाशीतही सुखी आहे.

आणि सिस्टर म्हणजे खरोखरीच्या सिस्टर. शहरातल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात, कॅज्युअल्टीत, बत्तीस वर्षं. मूळच्या भंडाऱ्याच्या. उंची बेताची, अंगावर फिक्या रंगाची सुती साडी, पिना लावून अशी चापून बसवलेली की वादळात झाड पडेल पण पदर पडणार नाही. मराठी पुण्याची, स्वच्छ. पण राग आला की बोलणं थेट वैनगंगेच्या काठी जायचं.

पहिल्यांदा त्या दुकानात आल्या त्या मुलाला कान धरून न्यायला. सिद्धार्थ तेव्हा अकरावीत होता. क्लासला जातो म्हणून सांगून माझ्याकडे शत्रूच्या छावण्या उडवायचा. सिस्टरांनी त्याचा कान पकडला, पिळला, आणि पिळता पिळता त्यांची नजर पडद्यावर गेली. तिथे एका शिपायाला पोटात गोळी लागली होती. तो दोन्ही हात पसरून मागे आडवा झाला आणि अदृश्य झाला.

"हा मेला?"

"हो आई. आई, कान."

"पोटात लागलेला माणूस असा पसरून झोपते का रे? तो गुडघे पोटाशी घेते. आणि गेला कुठं? बॉडी कोणी उचलली?"

"आई, गेममधे बॉडी आपोआप जाते."

"आपोआप!" सिस्टरांनी कान सोडला. अख्ख्या नोकरीत एकही बॉडी आपोआप गेलेली न पाहिलेली बाई होती ती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "केवढ्याला आहे हे?"

"चार हजार, ताई."

"चार हजारात नीट मरता येत नाही?"

मी गेली पंचवीस वर्षं धंद्यात आहे. व्हिडिओ गेमवर याहून नेमकी टीका ऐकलेली नाही.

निवृत्त झाल्यावर त्या यायला लागल्या. आधी "सिद्धार्थ काय खेळतो ते बघते" असं कारण होतं. सिद्धार्थ इंजिनियर झाला, नोकरीला लागला, दुकानात येईनासा झाला, तरी कारण तेच राहिलं. मग एकदा त्यांनी एका पोराच्या हातून कंट्रोलर काढून घेतला, आणि पुढच्या वीस मिनिटांत मला कळलं की या बाईला काहीही शिकवायची गरज नाही. त्यांचा हात स्थिर होता. समोर अक्राळविक्राळ राक्षस येवो की तलवारी घेतलेली टोळी, चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. आणि कुऱ्हाड घालताना त्या समोरच्याशी बोलायच्या. इंजेक्शन देताना बोलतात तसं.

"हलू नको. हललास तर जास्त लागंल. झालं, झालं. एवढंच."

खच्च.

"बघ, झालं पण."

पोरं आधी हसली. मग गप्प झाली. मग दर शनिवारी यायला लागली.

नवा गेम घ्यायचा की नाही, याचा निकाल सिस्टर लावायच्या. आजकाल एकेक गेम पाच-पाच हजारांना पडतो, आणि पुण्यातला माणूस पाच हजार रुपये खिशातून काढण्याआधी तीन जणांना विचारतो. इथे एकीलाच विचारून काम व्हायचं. दाराजवळ मी एक काळी पाटी टांगली होती. तासभर खेळून झालं की सिस्टर उठायच्या, खडू घ्यायच्या आणि गेमच्या नावापुढे तीनपैकी एक निकाल लिहायच्या.

'दाखल' म्हणजे घ्या.

'मलमपट्टी' म्हणजे जखम आहे, जीव आहे. किंमत उतरेपर्यंत थांबा.

आणि तिसरा, 'आणलं तेव्हाच मृत'.

तारे नाहीत, गुण नाहीत, चर्चा नाही. कोणी वाद घातला तर म्हणायच्या, "केस पेपर लिहून झाला."

एका जपानी तलवारबाजीच्या गेममधे मुंडकं उडालं की मानेतून रक्ताचं कारंजं सुरू व्हायचं, ते छताला लागेपर्यंत. पोरं टाळ्या वाजवत होती. सिस्टर म्हणाल्या, "दोन-तीनदा जोरात येते. मग पंपच बंद पडते ना! हे तर महापालिकेचा नळ फुटल्यासारखं चाललंय." मृत. दुसऱ्या एका गेमवर वर्तमानपत्रांतून स्तुतीचा पाऊस पडला होता. त्यात नायकाला सतरा बाण लागले आणि तो धावत सुटला. सिस्टरांनी त्याला जागच्या जागी उभा केला, कंट्रोलर खाली ठेवला आणि दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. "काय बघताय?" मी विचारलं. "पडतो का ते." पडला नाही. मृत. त्या गेमच्या बारा प्रती माझ्या कपाटात अजून आहेत. कोणाला हव्यात?

आता ती कोयत्याची गोष्ट सांगतो.

दोन पोरं मारामारीचा गेम खेळत होती. त्यातला एक सहा वेळा हरला. जिंकलेला म्हणाला, "तू घरी जा, आजीबरोबर सापशिडी खेळ." हरलेला उठला, गेला आणि दहा मिनिटांनी कोयता घेऊन आला. मी गल्ल्याखाली होतो. मला तिथे जायचं ठरवावं लागलं नाही, शरीर आपलं आपण गेलं. जिंकलेल्यानं तोंडासमोर हात धरला आणि कोयता कोपराखाली बसला. तो आवाज गेममधल्यासारखा नव्हता. ओल्या लाकडात कुऱ्हाड अडकावी तसं काहीतरी अडकलं आणि सुटलं. मग रक्त आलं. फरशीवर, कंट्रोलरवर, भिंतीवरच्या सुपरहिरोच्या तोंडावर.

सिस्टर तेव्हा किल्ल्याच्या तटावर होत्या. त्यांनी आधी गेम पॉज केला. हे मी शपथेवर सांगतो. मग उठल्या. माझ्या दाराला लावलेला 'सेल' असं लिहिलेला कापडी फलक एका हिसड्यात ओढला, जखमेवर गुंडाळला, हात वर धरला आणि कोयतेवाल्याकडे वळल्या.

"ठेव ते खाली."

त्यानं ठेवलं.

"इकडं ये. अंगठा दे. इथं दाब."

"काकू, मी..."

"दाब म्हणते ना बे! गोंजारतोस काहून? जोरानं दाब! सोडलास तर हा इथंच संपते, आन् तू तिकडं आत संपशील. समजते का?"

ज्यानं कापलं त्यालाच त्यांनी ते रक्त थांबवायला लावलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. अंगठ्याखाली दुसऱ्याची नाडी उडत होती, आणि ती त्याला लागत होती. आणि तो कापलेला पोरगा, हात अर्धा लोंबतोय, ओठ निळे, तो काय म्हणाला असेल?

"काकू, माझी चप्पल कुठंय?"

सिस्टर खाली बसल्या. टीव्हीच्या टेबलाखाली हात घालून चप्पल काढली आणि स्वतः त्याच्या पायात घातली. मग दोघांना एकाच रिक्षात बसवून दिलं. कापणारा अंगठा दाबून, कापला गेलेला त्याच्या खांद्यावर डोकं टाकून. हात वाचला. पुढचं पोलिसांत जे व्हायचं ते झालं.

सिस्टर हात धुऊन आल्या, बसल्या आणि किल्ला पुरा केला. चाळीसेक माणसं पडली. मग पाटीवर लिहिलं, 'मलमपट्टी'.

"रक्ताचा रंग चुकलाय," त्या म्हणाल्या. "ताजं इतकं काळं नसते. फरशी बघा."

मी फरशी पुसत होतो. मला रंगात रस नव्हता. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. "सिस्टर, इतकं लागलेलं असताना चप्पल कशी आठवली त्याला?"

"सगळ्यांनाच आठवते." त्या पदराला हात पुसत होत्या. "सिनेमात आई-आई करतात, ते नंतर. आधी चप्पल. एकाला ट्रकखालून काढून आणलं होतं. शुद्धीत होता. मला म्हणे, सिस्टर, माझी चप्पल. मी स्ट्रेचरखाली शोधली, बाहेर ॲम्ब्युलन्समधे जाऊन शोधली. एक सापडली. आणून दाखवली, तेव्हा गप झाला."

"आणि घातली?"

"पाय कुठं होते भाऊ घालायला?"

पेठेत त्या दिवशी हातोड्यांचा आवाज मला फार मोठा वाटला.

आता सिद्धार्थ. हा मुलगा इस्पितळाच्या क्वार्टरमधे वाढला. वडील लवकर गेले. आई ड्युटीवरून येऊन जेवताना दिवसभराचं सांगायची: कोण भाजला, कोण कापला, कोण काय म्हणत गेला. इतर मुलं गोष्टी ऐकत जेवतात, हा केस पेपर ऐकत जेवला. गेमच्या कंपनीत तीन वर्षं नोकरी करून त्यानं ती सोडली, चार मित्रांना घेतलं आणि स्वतःचा गेम बनवायला घेतला. दोन वर्षं पाचही जण बाणेरच्या एका खोलीत राबत होते. गेमची गोष्ट अशी: दंगलखोरांचा जमाव लोखंडी गज घेऊन इस्पितळात घुसतो, आणि एक नर्स भिंतीवरची आगीसाठी ठेवलेली कुऱ्हाड काढते.

नर्स कोण, हे मी सांगायला नको.

मोठ्या कंपनीला दाखवायच्या आधी सिद्धार्थ तो शनिवारी दुकानात घेऊन आला. मित्रही आले होते. पोरांची ही गर्दी; प्रत्येकाच्या हातात मोबाईल. सिस्टर आल्या, गर्दी बघितली, मुलाला बघितलं.

"तू बाहेर."

"आई?"

"कॅज्युअल्टीत नातेवाईक बाहेर थांबतात."

पोरं हसली. सिद्धार्थही हसला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

गेम सुरू झाला. लांब कॉरिडॉर, लुकलुकती ट्यूबलाइट, पहिला गजवाला. नर्सनं कुऱ्हाड उचलली आणि म्हणाली, "हलू नको. झालं, झालं. एवढंच." खच्च! दुकान दणाणलं. शिट्ट्या, आरोळ्या. सिस्टरांच्या चेहऱ्यावर काही नाही. त्या खेळत राहिल्या. डोकी फुटली, हात उडाले, भिंती लाल झाल्या. जो पडेल तो "आऽऽ" करायचा आणि दोन सेकंदांत विरून जायचा. कॉरिडॉर पुन्हा लख्ख.

दोन तास. एकदाही न मरता त्या शेवटाला पोचल्या. मग उठल्या आणि खडू घेतला.

मी मधे आलो. आयुष्यात एवढंच एक धाडस केलं मी. "सिस्टर," मी हळूच म्हणालो, "मुलाचा आहे. पाटी राहू द्या आज. घरी सांगा."

"आमच्या साहेबांच्या मेहुण्याला आणला होता एकदा," त्या म्हणाल्या. "मेलेला होता. साहेबांचा म्हणून सलाईन लावू?"

त्यांनी लिहिलं. मग दारात गेल्या आणि सरळ उभ्या राहिल्या.

"नातेवाईक कोण?"

सिद्धार्थ हसत उठला. "मी."

"आणलं तेव्हाच मृत."

हसू थोडा वेळ तसंच राहिलं, उतरायचं विसरल्यासारखं. "काय चुकलं?"

"लहानपणापासून जेवताना तुला जे सांगत आले, त्यातलं एक तरी आहे का यात? माझा आवाज घेतलास, माझी कुऱ्हाड घेतलीस. पण मारल्यावर कोणी उरतच नाही. मी जन्मभर जे उरलं तेच उचललं ना रे."

"आई, लोक खेळायला येतात. रडायला नाही."

"मग त्यांना घेऊ दे. मी घेणार नाही."

तोपर्यंत पाटीचा फोटो शहरभर फिरायला लागला होता. 'सख्ख्या आईनं मुलाचा गेम मारला', खाली हसणारी तोंडं. मोठ्या कंपनीनं भेट पुढे ढकलली. दोन मित्र सोडून गेले. सिद्धार्थ घरातलं सामान उचलून खराडीला राहायला गेला आणि आईचा फोन घेईनासा झाला.

त्यानंतरचे आठ महिने माझ्या दुकानात जे हत्याकांड झालं त्याला तोड नाही. सिस्टर नुसत्या शनिवारी नाही, रोज यायला लागल्या. पूर्वी त्या मारत तेव्हा हात हलका असायचा. आता शरण आलेल्यालाही सोडत नव्हत्या. पळणाऱ्याला पाठीत, पडलेल्याला पुन्हा. बोलणं बंद. "हलू नको" नाही, "झालं" नाही. एका गेममधे त्यांच्याच बाजूचा सैनिक वाटेत आला, त्याला उभा चिरला. एकदा कंट्रोलर भिंतीवर असा हाणला की त्यातलं एक बटण माझ्या चहात पडलं. "दुसरा द्या," एवढंच म्हणाल्या. पाटीवर ओळीनं मृत, मृत, मृत. आठ महिने एकही 'दाखल' नाही. पोरं गेम घेईनात, कपाटं भरली, मी बिस्किटांची पाकिटं ठेवायच्या विचारात होतो.

एकदा मी धीर करून म्हणालो, "सिस्टर, तुम्हीच जा ना त्याच्याकडे."

"पत्ता दिला नाही," त्या म्हणाल्या आणि समोरच्याच्या छातीत कुऱ्हाड घातली. ती काढायला त्यांना वेळ लागला.

आणि एका शनिवारी सिद्धार्थ आला. वाळला होता, दाढी वाढलेली.  पेन ड्राइव्ह माझ्या गल्ल्यावर ठेवला, आणि कोणी सांगायच्या आत बाहेर पायरीवर जाऊन बसला, रस्त्याकडे तोंड करून.

सिस्टरांनी पेन ड्राइव्हकडे बघितलं. पायरीकडे बघितलं नाही.

"लावा भाऊ."

तोच कॉरिडॉर. तीच ट्यूबलाइट. पहिला गजवाला आला, कुऱ्हाड बसली. तो पसरला नाही. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर वळला. आणि राहिला. दुसरा आला, तोही राहिला. तिसरा. नर्सला आता त्यांना ओलांडून जावं लागत होतं. पाय घसरत होता. कोणी पाणी मागत होतं, कोणी विचारत होतं, "घरी कळवलं का?" दुकानात कोणी शिट्टी वाजवली नाही. नर्स या वेळी गप्प होती; त्यानं आईचा आवाज काढून टाकला होता.

पाचव्याच्या मांडीत कुऱ्हाड बसली. विशीतला असेल. भिंतीला टेकून खाली घसरला, मांडी दोन्ही हातांनी धरली आणि वर बघून म्हणाला,

"सिस्टर, माझी चप्पल कुठंय?"

त्यांचे अंगठे थांबले.

पडद्यावर कॉरिडॉरच्या टोकाला आणखी सहा जण गज घेऊन येत होते. सिस्टरांनी नर्सला मागे वळवलं. स्ट्रेचरखाली वाकवलं. तिथे नाही. बाकाखाली. नाही.

"काकू, मागे!" पोरं ओरडली. "काकू, आले ते! कुऱ्हाड घ्या, कुऱ्हाड!"

कुऱ्हाड त्यांनी खाली ठेवली होती. दोन हात लागत होते शोधायला. तिसऱ्या बाकाखाली, भिंतीला लागून, निळ्या पट्ट्याची एक स्लीपर होती. एकच. सिस्टरांनी ती उचलली, त्या पोराजवळ आणली, वाकल्या, आणि मागून पहिला गज डोक्यात बसला. दुसरा पाठीत. मग सगळेच तुटून पडले. हाडं मोडल्याचा आवाज खोलीभर झाला. पडदा लाल झाला आणि काळा झाला.

मेश्राम सिस्टर माझ्या दुकानात पहिल्यांदा मेल्या.

  त्यांनी कंट्रोलर ट्रे ठेवावा तसा अलगद टेबलावर ठेवला, पदराची पीन नीट केली आणि उठल्या. खडूला हात लावला नाही. दारात जाऊन सरळ उभ्या राहिल्या.

आता त्या भंडाऱ्याला बहिणीकडे असतात. पाटी मी उतरवून ठेवली आहे. पण डोळ्यांसमोर येतात त्या अशाच, पाठमोऱ्या, दाराच्या चौकटीत. बाहेर हातोडे चाललेत, आणि पायरीवर बसलेल्या पोरानं खांदे आवळून घेतलेत, मार बसणार असल्यासारखे.

"नातेवाईक कोण?"

तो उठला. वळायला त्याला वेळ लागला.

"मी."

"दाखल केलंय," सिस्टर म्हणाल्या. आवाज ड्युटीवरचा होता. "भेटायची वेळ संध्याकाळी चार ते सहा. रोज यायचं."